मधयंत्र नाचायचं थांबलं

आमच्या मधपेट्या सातेरीच्या, म्हणजे देशी मधमाश्यांच्या. मधयंत्र म्हणजे पोळ्यांच्या चौकटी गरगर फिरवून मध काढायचा ड्रम; आमचं चार चौकटींचं, हाताने फिरवायचं. वेग घेतला की ते अंगणभर नाचायचं. मी दांडा फिरवायचो आणि बायको ड्रमला मिठी मारून बसायची! आधी पाय फरशीला बोल्टने आवळले, तर हादऱ्यांनी बोल्टच ढिले झाले.

खरी खोड चौकटींत होती. एका बाजूला गच्च भरलेली, समोर अर्धीमुर्धी. आता काट्यावर तोलून सारख्या वजनाच्या चौकटी समोरासमोर लावतो. सुरुवात अगदी हळू. पहिल्या बाजूचा मध अर्धाच काढायचा, चौकट उलटायची, दुसरी बाजू पूर्ण रिकामी करायची, मग पुन्हा पहिली; नाहीतर आतल्या बाजूच्या मधाच्या भाराने पोळं फुटतं. पायांखाली जुन्या टायरचे तुकडे घातलेत. बायको आता निवांत मध गाळते.