गड उतरल्यावरच मांड्या का भरतात? स्नायूंची तीन आकुंचनं अंगावर कशी ओळखावीत

साताऱ्यात आमच्याकडं पाहुणे आले की अजिंक्यताऱ्यावर जातातच. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतात आणि म्हणतात, "कालच्या चढानं मांड्या भरल्या." मांड्या भरतात त्या मुख्यतः उतारानं. ते घरबसल्या हाताला जाणवतं.

तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्यानं अर्धा भरा. उजव्या हातात धरा, डावा तळवा उजव्या दंडावर ठेवा. कोपर दुमडत कॅन वर घ्या. बेटकुळी फुगते. आतले ॲक्टिन-मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांत सरकतात, म्हणून स्नायू आखूड होतो. जिममध्ये याला कॉन्सेंट्रिक म्हणतात. गड चढताना मांडी हेच करते.

आता कोपर काटकोनात आणून थांबा. हात हलत नाही, तरी दंड घट्टच. हे आयसोमेट्रिक.

मग पाच आकडे मोजत कॅन सावकाश खाली न्या. तळवा काढू नका, कारण सगळी मेख इथंच आहे. स्नायू सैल सोडला असता तर कॅन धाडकन खाली गेला असता. दंड अजून कडकच लागतो, म्हणजे तो लांब होता होताही ओढून धरतोय. हे एक्सेंट्रिक. यात स्नायू सर्वांत जास्त भार पेलतो आणि ऊर्जा मात्र कमी लागते. म्हणून उतारावर दम लागत नाही, आणि आपण बेसावध राहतो. पण ताणल्या जाणाऱ्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं. लॅक्टिक ॲसिडला उगाच दोष देतात. ते तासा-दीड तासात निघून गेलेलं असतं.

गडावरून उतरताना एकदा तळवा मांडीवर ठेवून पाहा. गुडघा वाकतो तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू असाच लांबत लांबत तुमचं वजन झेलतो.

तयारी करायची तर उताराचीच करा. आधी घरचा जिना सावकाश उतरा, मग 'चार भिंती' या साताऱ्यातल्या टेकडीवरच्या स्मारकापर्यंत जाऊन या. पावलं आखूड टाका, गुडघा ताठ ठेवू नका. मध्ये तीन-चार दिवस जाऊ द्या. थोडासा उतार एकदा झाला तरी पुढच्या खेपेला स्नायू बराच कमी दुखतो.

दुखण्यासोबत पाय सुजले किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडं जा.