घरात व्हॉल्व बदललेलं माणूस असेल तर ताप आल्यावर आधी काय करायचं

आमच्या आईचा मायट्रल व्हॉल्व, म्हणजे हृदयातली एक झडप, बदललाय, मेटलचा आहे, त्यामुळे यातलं बरंचसं आम्ही ठेचा खातच शिकलो. आजाराचं नाव इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस. म्हणजे रक्तात शिरलेले बॅक्टेरिया झडपेवर जाऊन चिकटतात, तिथे गुठळ्यांसारखा थर धरतात, झडप कुरतडत राहतात आणि त्यातला तुकडा सुटून मेंदूत गेला की थेट स्ट्रोक.

कोणी जास्त जपायचं तर कृत्रिम व्हॉल्व असलेले, हा आजार आधी एकदा होऊन गेलेले आणि जन्मतः हृदयाचे काही ठराविक दोष असलेले. फक्त स्टेंट किंवा बायपास झालीये म्हणून दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक लागत नाही, उगाच घेऊ नका. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने व्हॉल्व खराब झालाय पण अजून बदललेला नाही, अशांसाठी सगळ्या गाइडलाइन्स सारखं सांगत नाहीत, तुमच्या कार्डिओलॉजिस्टलाच विचारा.

आता तापाचं. पावसाळ्यात आईला ताप आला, ना सर्दी ना खोकला, नुसती संध्याकाळी थंडी वाजायची आणि रात्री घामाने गाऊन भिजायचा. जवळच्या डॉक्टरांनी व्हायरल असेल म्हणून वर एक अँटिबायोटिकही दिलं, बरं वाटलं, गोळ्या संपल्या आणि चार दिवसांत ताप परत. असं दोनदा झालं. मग मोठ्या हॉस्पिटलात ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघायची तपासणी, केलं तर बाटलीत काही उगवेचना, कारण गोळ्यांनी जंतू अर्धमेले झालेले, आणि कुठला जंतू तेच कळलं नाही की औषधही अंदाजानेच द्यावं लागतं. म्हणून व्हॉल्ववाल्या माणसाला कारण न कळणारा ताप आला की पॅरासिटामॉल द्या हरकत नाही, पण अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जायच्या आधी ब्लड कल्चर झालंच पाहिजे. तेही एक बाटली भरून नाही, वेगवेगळ्या ठिकाणी टोचून तीन सेट. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अझिथ्रोसारखी अँटिबायोटिक आणायची तर अजिबात नाही. डेंग्यू मलेरियाच्या टेस्ट करा की, पण त्यासोबत हेही करा.

टू-डी इको, म्हणजे छातीवरून केलेली हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल आला म्हणून सुटलो असं समजू नका, मेटलच्या व्हॉल्वची सावली पडते आणि छातीवरून नीट दिसत नाही, घशातून नळी घालून करतात तो टीईई इको लागतो, आणि संशय असेल तर आठवडाभरात परत करतात. तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा एकदम दम लागला तर मात्र वाट बघत बसायचं नाही, लगेच इमर्जन्सी.

दाताचं काम असेल तर डेंटिस्टला खुर्चीत बसायच्या आधीच व्हॉल्वचं सांगा. दात काढणं, रूट कॅनल, स्केलिंग म्हणजे दातांची सफाई, जिथे हिरडीला हात लागतो तिथे मोठ्या माणसाला साधारण २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन, म्हणजे ५०० च्या चार कॅप्सूल, कामाच्या ३० ते ६० मिनिटं आधी, एकदाच. विसरलात तर काम झाल्यावर २ तासांच्या आत चालते. नुसता एक्स-रे असेल तर नको. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल किंवा दर २१ दिवसांनी पेनिड्युअरचं (तेही पेनिसिलिनच) इंजेक्शन चालू असेल तर आधी सांगा, दुसऱ्या गटातलं औषध देतात. मला वाटायचं इंजेक्शन चालूच आहे म्हणजे झालं, पण ते संधिवाताच्या तापासाठी असतं, याच्यासाठी नाही. आणि रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करू नका, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी टेस्ट) दाखवून डॉक्टर सांगतील तसं.

खरं तर बॅक्टेरिया रोज चावताना, ब्रश करतानाही थोडेथोडे रक्तात जातातच, हिरड्या खराब असतील तर जास्त, म्हणून २००७ मध्ये अमेरिकेतल्या हार्ट असोसिएशननेही दाताच्या कामाआधीची गोळी मोजक्याच लोकांपुरती ठेवली आणि दात सांभाळण्यावर भर दिला. आईची मिश्री सोडवताना आमच्या नाकी नऊ आले, पण सोडवली. जत्रेत टॅटू, नाक टोचणं नकोच.

आजार ठरलाच तर शिरेतून अँटिबायोटिक, साधारण ४ ते ६ आठवडे, कृत्रिम व्हॉल्व असेल तर ६ च्या खाली सहसा नाही, त्यामुळे सुट्टी, पैसे आणि रात्री थांबणारं माणूस याची सोय पहिल्याच दिवशी बघा. ताप उतरला म्हणून तिसऱ्या आठवड्यात डिस्चार्ज मागायला जाऊ नका, आईने मागितलाच होता.