नाशकात पायी फिरताय? या चुका टाळा

नाशिक पायी बघायचं ठरलं की बहुतेक जण आधी नकाशा उघडून अंतर मोजतात. काळारामापासून रामकुंड हाकेच्या अंतरावर, पूल ओलांडला की सराफ बाजार, तपोवन जेमतेम दोन-तीन किलोमीटर. "दोन तासांत उरकू." अंतरं बरोबर असतात, तरी दिवस फसतो. जुन्या नाशकात वाट सोपी की अवघड हे ठरतं ते वार कोणता, वेळ कोणती आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलंय की नाही, यावर. (गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात. रस्ता विचारायचा तर "गंगेवर कसं जायचं?" असंच विचारा.)

नाशिकरोडला उतरून 'आलोच' समजणं

रेल्वे स्टेशन नाशिकरोडला आहे आणि तिथून पंचवटी नऊ-दहा किलोमीटर. हे अंतर चालण्यात काहीच हशील नाही, सगळा वाहता रस्ता आहे. सिटीलिंकच्या बसने किंवा रिक्षाने थेट पंचवटीत निमाणीला उतरा आणि तिथून पायी निघा. आधी काळाराम, मग सीतागुंफा, कपालेश्वर, रामकुंड असं उतरत गेलात की चढ शेवटी, पलीकडच्या काठावर येतो. सकाळी ताज्या पायांनी चढून दुपारी उन्हात पुन्हा चढायचं, हा उलटा क्रम पुष्कळ जण विनाकारण घेतात.

पावसाळ्यात घाटावर गाडी लावणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. घाटालगतची पटांगणं मोकळी दिसतात आणि लोक बिनधास्त गाडी लावून देवदर्शनाला जातात. इथे पाऊस नसला तरी वर त्र्यंबकच्या बाजूला कोसळत असतो. धरण भरत आलं की विसर्ग सुरू होतो आणि काही तासांत घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरांत सराफ बाजार आणि भांडी बाजारापर्यंत पाणी आलं होतं. घाटावरच्या गाड्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

पाण्याचा अंदाज घ्यायला नाशिककरांचं स्वतःचं माप आहे: दुतोंड्या मारुती. रामकुंडाच्या खालच्या अंगाला, पात्रालगत उभा असलेला हा मारुती दोन्ही बाजूंनी तोंड असलेला. पाऊस लागला की गावभर एकच चौकशी असते, "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. क्युसेकचे आकडे बातम्यांत येतात, पण दुकानातला माल वरच्या फळीवर हलवायचा की नाही हे व्यापारी मारुतीकडे बघून ठरवतात. त्याहून मोठ्या पुराची खूण म्हणजे नारोशंकराची घंटा. १७४७ मध्ये बांधलेल्या या देवळाच्या दर्शनी भिंतीवर वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा टांगली आहे. तिला पाणी लागणं म्हणजे महापूर.

पाणी वाढताना दिसलं तर पुढचा विचार करत घाटावर थांबू नका. रामसेतू पूल ठेंगणा आहे, तो लवकर पाण्याखाली जातो. पलीकडे जायचंच असेल तर वरून होळकर पुलाने जा. आणि पूर बघायला कठड्याला टेकून उभं राहायची हौस असेल तर ती टीव्हीवर भागवा.

रामकुंडावर सरसकट मोबाईल काढणं

सकाळच्या वेळी रामकुंडाच्या पायऱ्यांवर दशक्रिया चालू असतात. मुंडण केलेले मुलगे, भाताचे पिंड, कावळ्याची वाट बघत गप्प उभी असलेली माणसं. बाहेरून आलेल्याला हे 'घाटावरचं जीवन' वाटतं आणि तो व्हिडिओ सुरू करतो. कोणीतरी खडसावतं, मग वादावादी. सरळ उपाय असा की पहाटे स्नानाच्या वेळी या किंवा संध्याकाळी, आणि अधेमधे आलातच तर मोबाईल खिशात ठेवा.

दुसरी गोष्ट उपाध्यायांची. घाटावर पाय ठेवला की कोणीतरी विचारतंच, "आडनाव काय? मूळ गाव कुठलं?" लोकांना वाटतं, हा गळ्यात पूजा मारणार, म्हणून तोंड फिरवून पुढे जातात. पण प्रश्न फसवा नाही. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या नामावळ्यांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या आहेत, आणि कुठलं घराणं कुठल्या उपाध्यायाकडे हे गावावरून आणि आडनावावरून लागतं. पूजा करायची नसेल तर तसं आधी सांगा. पण आजोबांच्या नावाची नोंद सापडते का एवढं जरूर विचारा. सापडली तर पणजोबांनी कुठल्या साली इथे येऊन काय विधी केला, बरोबर कोण होतं, हे तुमच्या घरातही कोणाला ठाऊक नसलेलं बाहेर येऊ शकतं. दक्षिणा मात्र आधी बोलून घ्या, नंतर कुरकुर नको.

चपला आणि गुडघे यांचा विचार न करणं

देवळामागून देऊळ आहे, म्हणजे दर दहा मिनिटांनी चपला काढा-घाला. नाडीचे बूट घालून आलेला माणूस तिसऱ्या देवळापाशी वैतागतो. पट्ट्याच्या चपला किंवा सँडल बरे. एप्रिल-मेमध्ये काळारामाच्या आवारातला दगड अकरा वाजताच तापलेला असतो. जाड मोजे पिशवीत असू द्या, आणि बरोबर लहान मूल असेल तर नक्कीच.

सीतागुंफेत आजी-आजोबांना रेटू नका. आत जायला वाकून, जवळजवळ बसून सरकावं लागतं, वाट जेमतेम एका माणसाची, आणि मागे रांग लागलेली असल्यामुळे अर्ध्यातून परतता येत नाही. दम लागणाऱ्यांनी, कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी बाहेर वडांखाली बसावं. ज्या पाच वडांवरून पंचवटी म्हणतात ते तिथेच आहेत.

काळारामाबद्दल एक तक्रार. लोक मूर्ती बघतात, प्रसाद घेतात, निघतात. सरदार ओढेकरांनी पेशवाईत बांधलेल्या या देवळाचा दगड रामशेजच्या डोंगरातला, आणि भोवतीची तटबंदी एखाद्या गढीसारखी. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथेच सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे चालवला. तेव्हा सत्याग्रहींना बंद मिळालेले दरवाजे या तटाचेच. बाहेरून एक फेरी मारायला फार तर दहा मिनिटं लागतात. ती न मारता जाणं मला तरी चूकच वाटते.

पंचवटी बघून 'नाशिक झालं' म्हणणं

खरं जुनं गाव पलीकडे आहे. होळकर पूल उतरला की सुंदरनारायण (बांधकाम १७५६ चं), पुढे सराफ बाजारात पेशव्यांचा सरकारवाडा, मग भांडी बाजार, तांबट गल्ली, तिवंधा, तिळभांडेश्वराची गल्ली. शेवटच्या गल्लीत सावरकरांच्या मित्रमेळ्याचं, म्हणजे त्यांच्या क्रांतिकारी संघटनेचं ठिकाण आहे, आणि ज्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या तेही याच जुन्या गावात. अंतर सगळं मिळून दोन-अडीच किलोमीटर, पण गाव सपाट नाही. 'नाशिक नव टेकांवर वसविले' ही म्हण आहेच. गणपतीचा टेक, डिंगर आळीचा टेक असं करत वाट सारखी चढते-उतरते. नकाशावर ही चढउतार दिसत नाही आणि पाठीवर जड पिशवी असेल तर चांगलीच जाणवते.

तिवंध्याच्या चौकात उभे राहाल तेव्हा पायाखाली काय आहे याची कल्पनाही येणार नाही. तिथे रहाड आहे: पेशवाईतला दगडी हौद, माणूस बुडेल इतका खोल. वर्षभर लाकडी ओंडके आणि माती घालून बुजवलेला, वरून स्कूटर जातात. रंगपंचमीच्या आधी उकरतात, साफ करतात, रंगाने भरतात, पूजा होते आणि मग जो-तो वरून 'धप्पा' मारतो. शनी चौक, जुनी तांबट गल्ली, दिल्ली दरवाजा इथेही रहाडी आहेत, आणि प्रत्येकीचा रंग ठरलेला. म्हणून धुळवडीला रंग खेळायला नाशकात येणं ही चूक, इथे रंग पंचमीलाच. आणि पंचमीला या गल्ल्यांतून कोरडं फिरण्याचा बेत करणं ही त्याहून मोठी.

बुधवारी गंगेवर आठवडे बाजार भरतो. भाजी घ्यायची तर उत्तम दिवस, घाट निवांत बघायचा तर टाळा.

गल्ल्यांत चुकलात तर घाबरायचं कारण नाही. मोबाईलवरचा निळा ठिपका दोन वाड्यांच्या मधे भरकटतो, त्याच्या नादी लागू नका. उताराची गल्ली धरा, बहुधा गंगेलाच निघाल. अपवाद फक्त काझीच्या गढीचा. नदीकाठचं ते जुनं मातीचं टेकाड पावसाळ्यात ढासळतं. तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं होतं हे खरं, पण ते लांबून बघा, कडेला जाऊ नका.

'सोप्या वाटां'च्या यादीवर विश्वास ठेवणं

गावाबाहेरच्या वाटांच्या याद्यांत पांडवलेणी, चांभारलेणी, रामशेज, अंजनेरी सगळं एका ओळीत 'सोपं' म्हणून टाकलेलं असतं. पांडवलेणी खरोखर सोपी: बांधीव पायऱ्या, वीस-पंचवीस मिनिटांत वर. पण लोक भर दुपारी चढतात, धापा टाकत पहिल्या दोन लेण्यांत फोटो काढतात आणि उतरतात. २४ लेण्यांपैकी तीन तरी नीट बघा: ३ क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, बलश्रीचा लेख आहे, १० मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे लेख, आणि १८ वं लेणं म्हणजे चैत्य, स्तूप असलेलं प्रार्थनागृह. सातवाहन आणि क्षत्रप, एकमेकांचे हाडवैरी, एकाच डोंगरात दान देऊन गेलेत. सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात. कातळाला मोहोळं लटकलेली असतील तर आरडाओरडा, अत्तर आणि सिगारेट तिन्ही नको. माश्या उठल्या तर तोंड झाकून खाली निघा, हात झटकू नका.

म्हसरूळची चांभारलेणी म्हणजे पायऱ्यांचा सलग चढ, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून जावं. रामशेज लहानसा किल्ला असला तरी वर सावली नाही. अंजनेरी तर या यादीत नकोच: चढ मोठा, पावसात धुकं आणि निसरडं, माकडं पिशवी ओढतात. तो वेगळ्या दिवसाचा बेत.

ज्यांना खरंच सपाट हवं त्यांनी तपोवन करावं, कपिलेच्या संगमापर्यंत. नाहीतर आनंदवल्लीच्या नवश्या गणपतीपासून सोमेश्वराकडे. सोमेश्वरच्या धबधब्याला पावसाळ्यात कठड्याबाहेर उतरू नका, शेवाळावर पाय ठरत नाही.

उपाशी निघणं, किंवा मिसळ खाऊन निघणं

दोन्ही वाईट. झणझणीत रस्सा, वर दही-पापड आणि दोन जादा पाव खाऊन नऊ टेक चढायचे म्हणजे शिक्षाच. आधी पोहे-चहा, फेरी झाल्यावर मिसळ.

सिंहस्थाची तारीख न बघता येणं

३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहणाने सिंहस्थ सुरू होतोय, आणि नाशकातली अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला आहेत. स्नानाच्या आगेमागे गावात फिरण्याचा बेत करू नका, गर्दीचे मार्ग एकेरी होतात आणि परतीची वाट भलतीकडून निघते. तपोवनात साधुग्राम वसतं, तेव्हा तिथलं सपाट चालणंही विसरा. त्याआधी येणार असाल तर घाटावर आणि रस्त्यांवर कामं चालू असण्याची तयारी ठेवा. निमाणीला उतरल्यावर एखाद्या रिक्षावाल्याला विचारून घ्या की आज कुठला रस्ता उघडा आहे.