विटांच्या धुराड्याच्या झिजलेल्या दरजा कशा भराव्यात

चांगल्या भाजलेल्या विटा शंभर वर्षेही टिकतात; दरजांमधला, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतला, माल (चुना किंवा सिमेंट आणि वाळूचे मिश्रण) त्याआधीच झिजतो, आणि ते योग्यच आहे. माल विटेपेक्षा मऊ असला की भिंतीतली ओल दरजेवाटे बाहेर पडते आणि झीज मालावर येते. माल पुन्हा भरता येतो, वीट बदलणे अवघड. जुन्या, मऊ विटांमध्ये नुसत्या सिमेंट-वाळूचा कडक माल भरला तर ओलीला विटेतूनच वाट काढावी लागते. मग पाणी गोठल्याने किंवा क्षार साचल्याने विटेच्या तोंडाचे पापुद्रे उडतात. दरजा शाबूत पण विटा आत गेलेल्या दिसल्या, तर आधीच्या डागडुजीत हीच चूक झाली आहे असे समजा.

आधी पाहणी

खिळ्याने दरज खरवडा. माल भुकटीसारखा पडत असेल किंवा विटेच्या तोंडापासून ५-६ मिमीपेक्षा जास्त आत गेला असेल, तर दरजा भरायची वेळ झाली आहे. मात्र विटा हाताने हलत असतील, विटांमधून उभी भेग गेली असेल किंवा धुराडे झुकले असेल, तर दरजा भरून उपयोग नाही. धुरातले गंधकाचे क्षार ओलीबरोबर मालात मुरून तो फुगवतात. जास्त भिजणारी बाजू वाढते आणि धुराडे दुसऱ्या बाजूला कलते. असे धुराडे जाणत्याकडून तपासून उतरवून घ्यावे लागते.

पाणी कुठून शिरते तेही पाहा. बहुतेक वेळा दोष माथ्यावरच्या काँक्रीटच्या टोपणात किंवा धुराडे छपराला मिळते तिथल्या पत्र्यात असतो. टोपणाला बाहेरच्या बाजूला उतार हवा, कड विटांपुढे ५० मिमीच्या आसपास आलेली हवी आणि खालून पाणी तोडणारी खाच हवी. हे दुरुस्त न करता दरजा भरल्या, तर त्या लवकरच पुन्हा उखडतील.

माल

जुन्या चुन्यातल्या बांधकामाला १ भाग हायड्रॉलिक चुना (पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणारा) आणि २.५ ते ३ भाग वाळू. पुढच्या काळातल्या, मध्यम कडक विटांना १ भाग सिमेंट, १ भाग हायड्रेटेड चुना (विरवलेल्या चुन्याची पूड), ६ भाग वाळू. वाळू धुतलेली, चाळलेली, लहान-मोठ्या कणांची घ्या. रंग मुख्यतः वाळूमुळे येतो. म्हणून मालाचा थोडा नमुना करून तो पूर्ण सुकू द्या आणि मगच जुन्या मालाशी ताडून पाहा. ओला माल नेहमी गडद दिसतो.

१० मिमी रुंद आणि २५ मिमी खोल दरजांसाठी दर चौरस मीटरला सांडलवंड धरून ५ ते ६ लिटर माल लागतो.

काम

१. धुराडे थंड करा, धूर जाणाऱ्या नळीचे तोंड झाका आणि खाली चुलीपाशी ‘पेटवू नये’ अशी पाटी लावा. उंचीवर नुसत्या शिडीवरून काम करू नका. कठडा असलेली परांची हवी. हवामान ५ अंश सेल्सिअसच्या वर आणि पुढचे २४ तास कोरडे असावे.

२. जुना माल दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीचपट खोल काढा, म्हणजे १० मिमीच्या दरजेत २० ते २५ मिमी. वर नुसता पातळ थर लिंपला तर तो सुटून पडतो. छिन्नी दरजेपेक्षा अरुंद घ्या. ग्राइंडर फार तर आडव्या दरजांच्या मध्यावर चालवा. उभ्या दरजांत पाते वरच्या-खालच्या विटा कापते, आणि ती जखम कायमची. धुराड्याची भिंत बहुधा अर्ध्या विटेच्या जाडीचीच असते, म्हणून एका वेळी थोडाच भाग, वरून खाली, मोकळा करा. माल काढताना उडणारी सिलिकाची (वाळूतल्या खनिजाची) धूळ फुप्फुसांना घातक असते. बारीक धूळ अडवणारा मास्क आणि चष्मा लावा.

३. दरजा ब्रशने झाडा, मग पाणी मारा. विटा आतून ओल्या हव्यात, पण वर पाणी चमकता कामा नये. कोरडी वीट मालातले पाणी शोषते, आणि माल नीट घट्ट न होता चिरतो.

४. सिमेंट-चुन्याचा माल कोरडा मिसळा, गोळा वळेल इतकेच पाणी घालून तासभर झाकून ठेवा, मग थोडे पाणी घालून कालवा. असा माल कमी आकसतो. थापी उलटी केली तरी तो खाली पडू नये. दोन तासांत संपेल एवढाच कालवा.

५. अरुंद थापीने साधारण ६ मिमीचे थर दाबून भरा. अंगठ्याचा ठसा उमटेल पण माल चिकटणार नाही, इतका आधीचा थर घट्ट झाला की पुढचा. एका दमात ठासलेला माल आकसून कडेने सुटतो. खोल खड्डे आधी भरून सपाटीला आणा.

६. शेवटचा थर तितकाच घट्ट झाल्यावर गोल सळईने दाबत ओढा. किंचित खोलगट दरजेवरून पाणी ओघळून जाते. विटांवर उरलेला माल सुकू लागला की कोरड्या ताठ ब्रशने झाडा. ॲसिड वापरू नका, ते चुना खाते.

७. ओले गोणपाट लावून ऊन-वारा अडवा. सिमेंट-चुन्याचा माल किमान तीन दिवस आणि चुन्याचा आठवडाभर तरी ओलसर ठेवा. जोराचे पाणी नको, हलका फवारा मारा.

निदान आठवडाभर जाळ नको. पेटवण्यापूर्वी नळीवरचे झाकण स्वतः वर जाऊन काढा: ते राहिले तर कार्बन मोनॉक्साइड घरात भरतो, आणि त्याला वास नसतो. पहिला जाळ लहानच ठेवा.