पावसाळ्यात जखमी झालेली कोंबडी कशी वाचवावी

मुळशी, मावळ, भोर या पट्ट्यात पावसाची झड लागली की बिळांत पाणी शिरतं, घुशी-उंदीर खुराड्याकडे सरकतात आणि मुंगूस त्यांच्या मागावर येतं. शहरालगत तोच त्रास भटक्या कुत्र्यांचा आणि बोक्यांचा. हल्ल्यातून कोंबडी सुटली तरी ओल आणि माशी तिला सोडत नाहीत. वेळेत हात लावला तर बऱ्याच कोंबड्या उभ्या राहतात, म्हणून ती लगेच कापायची किंवा टाकून द्यायची घाई करू नका.

आधी जखम नाही, कोंबडी सांभाळा. धसक्याने तिचा तुरा फिकट पडतो, डोळे मिटतात, पिसं फुलतात. वाहतं रक्त स्वच्छ कापडाने दाबून थांबवा आणि तिला कोरड्या खोक्यात भाताच्या पेंढ्यावर ठेवून कोपऱ्यात, अंधारात राहू द्या. निरोगी कोंबडीच्या अंगाची उष्णता ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्यामुळे भिजलेलं पाखरू फार लवकर गारठतं. खोक्याच्या एका टोकाला ४० वॉटचा साधा पिवळा बल्ब टांगा. दुसरं टोक गार राहू द्या, म्हणजे उकडलं तर ती बाजूला सरकेल. चोच उघडून पाणी कधीही ओतू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी थेट फुफ्फुसात जातं. चोचीच्या कडेला थेंब लावा, ती स्वतः गिळेल.

ती सावरली की जखम बघा. फक्त दिसते ती नव्हे, पंखाखाली, पाठीवर आणि शेपटीच्या मुळाशी पिसं फुंकून बघा. बोक्याच्या दाताचं भोक बाहेरून टाचणीएवढं दिसतं, पण आतली घाण अंगभर पसरून कोंबडी दगावते. अशा चाव्याला प्रतिजैविक लागतंच आणि त्याचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं. जखमेभोवतीची पिसं कात्रीने कापा, उपटू नका. १ लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा साधारण दीड चमचा, घाला आणि सुई काढलेल्या सिरिंजने जखम धुवा. मग पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. खोल जखमेत हळद कोंबण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, पण तिचा गोळा होतो आणि खाली पू धरतो. फिनेल, रॉकेल, टर्पेंटाइन तर अजिबात नको.

या दिवसांत सगळ्यात जास्त जपायचं ते अळ्यांपासून. माशीने अंडी घातली की एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर येतात आणि जिवंत मांस पोखरतात. जखमी कोंबडी मच्छरदाणीच्या जाळीखाली ठेवा. सकाळ-संध्याकाळ जखम उजेडात बघा, वास घ्या. ओलसर गोडूस वास आला किंवा पिसं चिकटलेली दिसली तर पुन्हा धुऊन चिमट्याने एकेक अळी काढा. शेपटीखाली विष्ठा लागून राहते, माशी पहिली तिथेच बसते.

पंख मोडला असेल तर तो अंगाला टेकवून हलकी पट्टी गुंडाळा, पण छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचा पिंजरा हलला तरच तिला श्वास घेता येतो. आणि लंगडते म्हणजे मार लागलाच असं धरून चालू नका. मान वाकडी होणं, हिरवी हगवण, एकाच वेळी दोन-तीन कोंबड्या मलूल होणं, अशी लक्षणं मानमोडीची, म्हणजे राणीखेत या साथीच्या रोगाची असू शकतात. तिला आणि मेलेल्या पाखरांना इतर कोंबड्यांपासून दूर ठेवून लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. मेलेल्या पाखरांची तपासणी पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागात होते.

घरातली दुखण्याची गोळी चुकूनही देऊ नका. डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या औषधाने गिधाडांचा जो संहार झाला त्यावरून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, आणि कोंबडीच्या मूत्रपिंडालाही ते घातक आहे. औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस नंतरही तिची अंडी खाऊ नका, विकू नका.

भूक परतणं ही चांगली खूण. उकडलेलं अंडं कुस्करून, भिजवलेला भरडा, थोडी कोवळी मेथी असं द्या. तिला कळपाच्या नजरेसमोर पण जाळीपलीकडे ठेवा. रक्त दिसलं की बाकीच्या चोची मारतात आणि भरत आलेली जखम पुन्हा फाटते. खपली पडून कातडी कोरडी झाली की एखाद्या शांत कोंबडीसोबत दोन-चार दिवस ठेवून मग कळपात, तेही संध्याकाळी, सगळ्या दांड्यावर बसल्यावर सोडा. जखम पाठीवर असेल तर पिसं पुरती येईपर्यंत कोंबडा वेगळा ठेवा.