जुनी करिझ्मा सांभाळायची तर आधी रबर बघा

पोफळीहून कुंभार्ली घाट चढताना आमची हीरो होंडाची मोटरसायकल, करिझ्मा, चार हजार आरपीएमच्या वर जाईना. थ्रॉटल पूर्ण पिळला तरी इंजिन घुसमटायचं. कशीबशी दुसऱ्या गिअरवर हेळवाकपर्यंत आणली. कराडला आल्यावर प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्ब्युरेटर दोनदा साफ करून घेतला. फरक काहीच नाही. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी कार्ब्युरेटरचं वरचं झाकण उघडलं, आतला काळा रबरी पडदा दोन बोटांवर हलकेच ताणला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरला. "ताई, इथं बघा." टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं, आणि त्यातून उजेड येत होता.

गाडी दादाची. 2006 साली घेतलेली, पिवळी. तो परदेशी गेला तेव्हापासून मी चालवते आणि मीच बघते. 223 सीसीचं एअर-कूल्ड इंजिन, 17 बीएचपी, 15 लिटरची टाकी. 2003 साली ही गाडी आली तेव्हा लांब पल्ल्याला आरामात पळणारी दुसरी गाडी आपल्याकडे शोधावी लागायची. आज हिच्याहून वेगवान गाड्या खूप आहेत, पण कराडहून चिपळूण, गुहागर करून संध्याकाळी परत आले तरी पाठ दुखत नाही, हे सुख मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून चालते. जुन्या गाडीचं लोखंड टिकतं, रबर टिकत नाही. गाडी कमी चालली असेल तरी रबराचं वय वाढतच असतं. म्हणून किलोमीटरच्या आकड्यावर भाळू नका.

त्या पडद्याचं काम काय ते समजून घ्या, म्हणजे माझ्यासारखे पैसे जाणार नाहीत. या कार्ब्युरेटरमध्ये स्वतःचा एक पिस्टन असतो (इंजिनाचा तो वेगळा), आणि थ्रॉटलची केबल तो थेट उचलत नाही. केबलने फक्त इंजिनाकडची झडप उघडते. पिस्टन वर जातो तो इंजिनाच्या ओढीने, आणि ती ओढ धरून ठेवतो हा पडदा. भोक पडलं की पिस्टन अर्ध्यावरच राहतो. आयडलिंग छान, गावात गाडी ठीक, चढाला मात्र दम तुटतो. कार्ब्युरेटर साफ करताना पडदा आधी बाहेर काढायला सांगा, कारण क्लीनरचा स्प्रे लागला की रबर फुगतं. परत बसवताना कड खाचेत नीट बसली पाहिजे. पिस्टन बोटाने वर करून सोडला की सावकाश खाली यावा. 2009 साली आलेल्या करिझ्मा झेडएमआरला कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन आहे, तिला हे लागू नाही.

कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणारा रबरी मॅनिफोल्डही तपासा. इंजिन चालू ठेवून त्याच्याभोवती बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनाचा आवाज बदलला तर तडा आहे, तिथून हवा ओढली जातेय.

पेट्रोलची नळी स्वस्त आहे, दर दोन वर्षांनी बदलून टाका. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्याचा विचार करून बनवलेलं नव्हतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. एका पावसाळ्यात गाडी दीड महिना शेडमध्ये उभी राहिली. नंतर कार्ब्युरेटरच्या तळाला पेट्रोल साठतं त्या वाडग्याचा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं, तर खाली वेगळा गढूळ थर बसलेला दिसला. तेव्हापासून गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून मी तो वाडगा रिकामा करते. आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटं चालवून आणणं त्याहून बरं. जागेवर दोन मिनिटं चालू करून बंद करण्याने काही साधत नाही, उलट बॅटरी उतरते.

टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूला चार आकडे असतात. 2316 म्हणजे 2016 सालचा 23वा आठवडा. सहा वर्षांच्या वरचा टायर मी ठेवत नाही, मग तो कितीही नवा दिसो. ओल्या घाटात कडक झालेलं रबर रस्ता धरतच नाही.

पुढच्या डिस्क ब्रेकचं ऑइल दर दोन वर्षांनी बदला, झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच. तेही पाणी ओढतं. लांब उतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळतं आणि लीव्हर मऊ पडतो. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा आणि इंजिनाला गाडी धरू द्या.

फोर्कमधून, म्हणजे पुढच्या शॉकअपमधून, ऑइल पाझरायला लागलं की लगेच सील बदलायची घाई नको. बऱ्याचदा सीलच्या ओठाखाली माती अडकलेली असते. जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापा, टोकाला गोलसर आकडा करा, धुळीची टोपी वर सरकवून ती पट्टी सीलच्या आत सारा आणि सगळीकडून फिरवून माती बाहेर ओढा. माझं एका बाजूचं सील त्यानंतर वर्षभर चाललं.

इंजिनाचं बघायला गेलं तर मागणी थोडी आहे. ऑइल 10डब्ल्यू-30, डब्यावर जेएएसओ एमए ही मोटरसायकलच्या ऑइलची खूण लिहिलेलं, कारण क्लच त्याच ऑइलमध्ये फिरतो. चारचाकीच्या ऑइलने तो घसरू शकतो. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची ढील, सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना सेट करून घ्या. "आवाज बंद करून देतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे थांबवा. टॅपेट घट्ट झाले तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. थोडी टिकटिक असू द्या.

चेन रॉकेल आणि मऊ ब्रशने धुवा, पेट्रोलने नको. ताण बघताना चाक फिरवत सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि तिथे बोटभर ढील ठेवा. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं, एकदमच बदला.

विकत घ्यायला गेलात तर आधी इंजिनाला हात लावा. गरम असेल तर मालकाने तुम्ही यायच्या आत चालू करून ठेवलंय, परत दुसऱ्या दिवशी सकाळी जा. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. पंधरा वर्षं झाली असतील तर आरटीओत पुन्हा नोंदणी झाली आहे का, पर्यावरण कर भरलाय का, नवी हाय-सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का, हे पैसे देण्याआधी बघा. नंतर हे सगळं तुमच्या गळ्यात पडतं.

महामार्गावर मी ऐंशी-पंच्याऐंशीच्या वर जात नाही. तिथे इंजिन शांत असतं आणि हँडलला मुंग्या येत नाहीत. सीटखाली प्लग, प्लगपाना, दोन फ्यूज आणि थोडी तार. क्लचची नवी केबल मी सुटी ठेवत नाही. जुन्या केबलच्या शेजारूनच वरपासून खालपर्यंत नेऊन पट्ट्यांनी बांधून ठेवली आहे, दोन्ही टोकांना ग्रीस भरून आणि प्लॅस्टिक गुंडाळून. केबल तुटली तर टाकी न काढता फक्त टोकं बदलायची. पाटणच्या अलीकडे एकदा अंधारात तुटली होती, मोबाइलच्या उजेडात दहा मिनिटांत निघाले.