यूएसबी-सिरीयल अडॅप्टर घेताना आधी व्होल्टेज बघा

प्रो मिनी (छोटा आर्डुइनो) किंवा ईएसपी-०१ (छोटा वायफाय बोर्ड) सारख्या बोर्डवर यूएसबी पोर्ट नसतो, प्रोग्रॅम टाकायला वेगळा अडॅप्टर लागतो. घेताना चिपच्या नावाआधी सिग्नलचं व्होल्टेज बघा. ईएसपी-०१ वरची ईएसपी८२६६ चिप ३.३ व्होल्टवर चालते. तिच्या आरएक्स (डेटा घेणाऱ्या) पिनला ५ व्होल्ट देऊ नका. अडॅप्टरवर व्होल्टेज निवडायचा जंपर (पिना जोडणारी छोटी क्लिप) असला तरी लगेच विसंबू नका, काही स्वस्त बोर्डांत तो फक्त सप्लाय बदलतो, सिग्नल नाही. खात्री करणं सोपं आहे: अडॅप्टर नुसता कॉम्प्युटरला लावा आणि मल्टिमीटरने टीएक्स (डेटा पाठवणारा पिन) आणि ग्राउंडमधलं व्होल्टेज मोजा. डेटा जात नसताना टीएक्स हाय असतो, त्यामुळे खरा आकडा समोर येतो.

प्रो मिनीसाठी डीटीआर (बोर्ड आपोआप रीसेट करणारा) पिन बाहेर काढलेलाच अडॅप्टर घ्या, नाहीतर दरवेळी नेमक्या क्षणी रीसेट बटण दाबत बसावं लागतं.

अडॅप्टरवरची चिप सीएच३४० असो वा सीपी२१०२, दोन्ही उत्तम. जुन्या पीएल२३०३ मात्र टाळा, नव्या विंडोजवर ड्रायव्हर अडतो. आणि ईएसपीला एफटी२३२आरएल या अडॅप्टर चिपच्या ३.३ व्होल्ट पिनवरून वीज देऊ नका. तो पिन जेमतेम ५० मिलिअँपिअर पुरवतो. वायफाय सुरू होताच बोर्ड रीसेट होत राहतो. वेगळा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर लावा, ग्राउंड मात्र सगळ्यांचा एकच ठेवा.